एका ओळीची विनंती

आमच्या कार्यालयात चौदा स्विच आहेत. दिव्यापंख्यांची बटणं नव्हेत. ती एकशे साठ आहेत आणि त्यांतली निम्मी चालत नाहीत. हे चौदा स्विच म्हणजे लोखंडी कपाटांत बसवलेले चपटे डबे. इमारतीतल्या प्रत्येक संगणकाची वायर त्यांच्यात येते आणि कुठला संदेश कुठल्या दाराने कुठे जायचा, ते हे डबे ठरवतात. म्हणजे ठरवायचे. गेल्या वर्षी ही जबाबदारी त्यांच्याकडून काढून घेण्यात आली. या डब्यांची देखभाल मी करतो. माझं पदनाम ‘जाळे-परिचालक, वर्ग तीन’ असं आहे आणि ते ऐकून सासरच्या एका मामांनी मला ताज्या मासळीचा भाव विचारला होता.

आमचं कार्यालय बदल्यांचं. राज्यभरातल्या नोकरदारांनी कुठे राहायचं, कोणाजवळ राहायचं आणि किती वर्षं एकट्याने पोळ्या लाटायच्या, हे आमच्याकडे ठरतं. माझी बायको परिचारिका आहे. तिचं रुग्णालय इथून अकरा तासांवर. तिच्या बदलीचा अर्ज तीन वर्षं आमच्याच इमारतीत होता. पहिल्या वर्षी त्यावर शिक्का उलटा बसला म्हणून तो परत गेला, दुसऱ्या वर्षी शिक्का सुलटा होता पण अर्ज सापडेना. आमची पोरगी आता चार वर्षांची आहे. शाळेत बाईंनी बाबा कुठे असतात असं विचारलं, तर तिने मोबाईलमध्ये असतात म्हणून सांगितलं. बाईंनी ते कौतुकाने बायकोला सांगितलं आणि बायकोने मला सांगितलं, पण कौतुकाने नाही.

आता डब्यांकडे वळू. गेल्या वर्षी एक टायवाला विक्रेता आमच्या संचालकसाहेबांना नवी पद्धत समजावायला आला. तो म्हणाला, जुने स्विच स्वतःची अक्कल चालवतात. नव्या पद्धतीत ती सगळी काढून एका मध्यवर्ती नियंत्रकात ठेवतात. प्रत्येक स्विचकडे फक्त एक तक्ता असतो: अमुक आलं तर तमुक करायचं. तक्त्यात नसलेलं काही आलं की स्विच ते अडवून धरतो आणि वर विचारतो. साहेब खुर्चीत पुढे सरकले. तीस वर्षं ते माणसांकडून जे करून घेऊ पाहत होते, ते एका डब्याने विनातक्रार करून दाखवलं होतं. त्यांचे डोळे खरंच पाणावले.

त्यांनी फक्त एक सुधारणा सुचवली. नियंत्रकाने तरी परस्पर का ठरवावं? नवा प्रकार आला की त्याने साहेबांच्या टेबलावरच्या पडद्यावर ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ अशी दोन बटणं दाखवावीत. विक्रेता कशालाही नाही म्हणत नव्हता. त्याने एवढंच विचारलं, की साहेब जागेवर नसतील तर स्विचने काय करायचं? दोन पर्याय असतात: आपल्या अकलेने चालवायचं, नाहीतर मंजुरी येईपर्यंत थांबायचं.

“अकलेने?” साहेब म्हणाले. “कोणाच्या?”

विषय तिथेच संपला. थांबायचं, असं ठरलं.

मग माझी पाळी आली. या डब्यांना काही सांगायचं तर काळ्या पडद्यावर एकेक ओळ टाइप करावी लागते. तिला कमांड म्हणतात, म्हणजे आज्ञा. साहेबांना ते खटकलं. वर्ग तीनचा माणूस दिवसभर आज्ञा देत बसतो आणि चौदा यंत्रं ती पाळतात, हे त्यांच्या मते शिस्तीला धरून नव्हतं. परिपत्रक निघालं की यापुढे आज्ञा फक्त संचालक देतील, परिचालकाने विनंती करावी. प्रत्येक ओळ आधी नमुना क्रमांक सातमध्ये हाताने लिहून द्यायची, तीन प्रतींत. एकदा एका ओळीतल्या दोन आडव्या रेघांपैकी एक कमी करून चालेल का, अशी विचारणा आली. मी चालणार नाही असं कळवलं, तेव्हा अनावश्यक रेघांच्या वापराबद्दल माझा खुलासा मागवला गेला. मी तोही दिला, मुकाट्याने. बायकोचा अर्ज त्याच इमारतीत होता ना.

डब्यांचं एवढं छान चाललेलं पाहून साहेबांनी पद्धत माणसांना लागू केली. प्रत्येक कर्मचाऱ्याला एक तक्ता मिळाला. डावीकडे ‘काय आलं’, उजवीकडे ‘काय करायचं’. सगळ्यांच्या तक्त्यात शेवटची ओळ एकच होती: वरीलपैकी काहीही नसल्यास वर विचारावे. आम्ही आधी हसलो. पंधरा दिवसांत हसू गेलं आणि नंतर काय सांगू, मजा यायला लागली. डोक्याला ताप नाही. एका बाईंनी दरवाज्यावरच्या पहारेकऱ्याला स्वच्छतागृह कुठे आहे असं विचारलं. ते तक्त्यात नव्हतं. प्रश्न वर गेला, अकराव्या दिवशी ‘जाऊ द्यावे’ असं उत्तर आलं. चहावाल्याकडे एका पाहुण्याने अर्धा कप मागितला, तो पाहुणा अजून चहाविना आहे. उपसंचालकांचा तक्ता सर्वांत छोटा, एकाच ओळीचा: साहेब म्हणतील त्यास, होय. त्यांना आम्ही आपसांत ‘मम’ म्हणतो. त्यांना तक्ता मिळाल्यावर काही बदल जाणवला नाही.

लिफ्टही या जाळ्यात आणली गेली. लिफ्टने मनाला येईल त्या मजल्यावर जाऊ नये, एवढाच हेतू. कुठलं ओळखपत्र कुठल्या मजल्यावर जाऊ शकतं, हे तिचा स्विच तक्त्यात पाहायचा. साहेबांचं ओळखपत्र तळमजला आणि चौथा मजला, एवढ्यासाठीच कायम वापरलं जायचं, म्हणून तेवढ्याच दोन ओळी होत्या.

त्या दिवशी बदल्यांचा हंगाम संपत होता. संध्याकाळी पाचच्या आत ज्या गावचा आदेश त्या गावच्या कार्यालयात पोचला तर बदली झाली, नाहीतर पुढल्या वर्षी नव्याने अर्ज. दोनशे पंधरा आदेशांवर दुपारी दोनला सह्या झाल्या. त्यांत बायकोचाही होता, क्रमांक एकशे चाळीस. सही माझ्या डोळ्यांनी पाहिली. तिला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली की पोचल्यावर सांग, सह्या मी मागेही ऐकल्यात.

तीनच्या सुमारास पाचव्या मजल्यावरच्या अभिलेखखोलीत मांजर शिरलं. अभिलेखपालाच्या तक्त्यात वाळवी होती, उंदीर होता, मांजर नव्हतं. त्याने वर विचारलं. साहेब तेव्हा तळमजल्यावर होते; त्यांना हा प्रश्न धोरणात्मक वाटला आणि ते तिथूनच स्वतः पाहणीला निघाले. लिफ्टमध्ये शिरून त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच पाचचं बटण दाबलं. लिफ्ट निघाली, स्विचने तक्ता पाहिला, त्यात ही ओळ नव्हती. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबली आणि तिने साहेबांच्या टेबलावरच्या पडद्यावर विचारलं: संचालकांना पाचव्या मजल्यावर जाऊ द्यायचं का? मंजूर, नामंजूर.

पाच मिनिटांनी बदली शाखेने आदेश पाठवायचं बटण दाबलं. हे आदेश वर्षातून एकदाच बाहेर जातात आणि नव्या पद्धतीत तर कधीच गेले नव्हते. स्विचने ते अडवले आणि वर विचारलं. पडद्यावर दुसरा प्रश्न पहिल्याखाली येऊन उभा राहिला.

मी चौथ्या मजल्यावर धावत गेलो. मम साहेबांच्या टेबलासमोर हाताची घडी घालून उभे होते. पडद्यावर ती बटणं, टेबलावर माऊस. मी म्हणालो, सर, दुसरं ‘मंजूर’ दाबा, दोनशे पंधरा घरांचा प्रश्न आहे. त्यांनी मला अगदी प्रेमाने सांगितलं की साहेब काय म्हणतात ते आधी कळायला हवं. मी म्हणालो साहेब लिफ्टमध्ये आहेत. ते म्हणाले, मग आल्यावर दाबतीलच.

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या दारासमोर सगळा कर्मचारीवर्ग गोळा झाला होता. आतून दारावर धपाधप आवाज येत होते. लिफ्टवाले काका हातात दार उघडायची किल्ली घेऊन उभे होते. मला वाटलं, चला, सुटलो.

“उघडा ना काका.”

“माझ्या तक्त्यात काय लिहिलंय बघा,” ते म्हणाले. “लिफ्ट अडकल्यास साहेबांना कळवावे. त्यांना माहीत आहे. पुढची ओळ नाही.”

आतून साहेब ओरडले, अरे उघड, मी सांगतोय. त्यावर आस्थापना शाखेच्या बाईंनी दाराच्या फटीशी तोंड नेऊन अत्यंत आदराने सांगितलं की तोंडी सूचना स्वीकारू नयेत असं आपलंच परिपत्रक आहे, सर. लिफ्टमध्ये आणीबाणीचा फोन आहे. साहेबांनी तो उचलला असावा, कारण वर त्यांच्या पडद्यावर तिसरा प्रश्न आला: लिफ्टमधून फोन लावू द्यायचा का?

पावणेपाच झाले. मी माझ्या खोलीत येऊन काळ्या पडद्यासमोर बसलो. नियंत्रकाला वळसा घालून थेट स्विचला सांगता येतं, हे त्या इमारतीत मला एकट्याला माहीत होतं. एक ओळ पुरते. नमुना सात नाही, तीन प्रती नाहीत, एक ओळ. नोकरी जाईल, चौकशी लागेल, असं मनात येत होतं; आणि मोबाईलमध्ये राहणारा बाबाही मनात येत होता. त्या क्षणी मला माझी खरंच लाज वाटली. तीन वर्षं मी मुकाट बसलो होतो आणि वर्षभर तर रेघांचे खुलासे देत होतो.

मी टाइप केलं. या ठिकाणी तांत्रिक बाब सांगणं भाग आहे. सगळ्यांना जाऊ द्यायचं असेल, तर ती ओळ लहान असते. जे येईल ते सोड, एवढंच सांगायचं असतं. मी लिहिली ती लांब होती. बदली शाखेच्या अमुक क्रमांकाच्या संगणकातून आलेलं, बायकोच्या गावच्या कार्यालयाकडे जाणारं, तेवढंच सोड. आणि साठ सेकंदांनी हा नियम आपोआप पुसून टाक. न चुकता लिहायला मला चार मिनिटं लागली. बाकीचे आदेशही सोडले असते तर ते डोळ्यांवर आलं असतं. एक गेला तर कोणाला कळतंय?

चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी पोचपावती आली. त्याच गावचा आणखी एक आदेश होता, कुणा ग्रंथपालाचा, तोही बरोबर गेला. माझ्या हातून घडलेलं ते एकमेव लोककल्याण, आणि तेही नजरचुकीने. पाच वाजले. दोनशे तेरा आदेश स्विचपाशी मंजुरीची वाट बघत रद्द झाले.

साडेसहाला पहारेकऱ्याने तक्त्याप्रमाणे इमारतीची वीज बंद केली. वीज गेली की लिफ्ट आपोआप खालच्या मजल्यावर येऊन दार उघडते. ही सोय लिफ्ट बनवणाऱ्याने कोणालाही न विचारता करून ठेवली होती. साहेब घामाने भिजून बाहेर आले. आम्ही सगळे अंधारात उभे. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं आणि पहिला प्रश्न केला.

“मी नसताना विनामंजुरी काही झालं?”

मम म्हणाले, काही नाही. लिफ्टवाले काका म्हणाले, काही नाही. मीही म्हणालो, काही नाही, सर. साहेबांना भरून आलं. पद्धत कसोटीला उतरली होती. पुढच्या आठवड्यात मला संयमाबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं, ते घरी भिंतीवर आहे.

घर आता भरलेलं असतं. पोरगी पहिले दोन दिवस माझ्या तोंडाला हात लावून बघत होती, तिसऱ्या दिवशी खांद्यावर चढली ती अजून उतरलेली नाही. बायकोने एकदाच विचारलं, बाकीच्यांचं काय झालं? मी म्हणालो, त्यांचं वरून आलं नाही. त्या दिवशी भाजी खारट झाली होती.

आता तुम्ही मला नावं ठेवणार. ठेवा, तो तुमचा अधिकार आहे. त्या दोनशे तेरांत तुमचा कोणी असेल तर दोन जास्त ठेवा. पण मागच्या महिन्यात माझा नंबर मिळवून तुम्हीच फोन केला होता ना, आत आपला कोणी माणूस आहे का म्हणून? अडलेल्या सगळ्यांचं काहीतरी करा, असं तुम्ही म्हणाल्याचं मला आठवत नाही. तुम्ही आवाज खाली करून एवढंच म्हणाला होतात: “तेवढं आमचं बघा.”