टाकीत पेट्रोल घालणारा चोर

प्रकरण पहिले
(दिगंबररावांनी स्वतः लिहून दिलेले)

मी दिगंबर घारपुरे. कलकत्त्यात माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही. मुंबईत असला तर त्याने अजून माझ्याशी पत्रव्यवहार केलेला नाही. मी चपलेवरून माणसाचं गाव सांगतो, जेवणाच्या डब्यावरून सासर आणि खोकल्यावरून पगार. माझी नजर घारीची, पाऊल मांजराचं आणि स्मरणशक्ती हत्तीची आहे. उरलेला भाग मनुष्याचा.

प्रकरण पहिले
(दुरुस्त)

वरचा मजकूर जसाच्या तसा घ्यायचा, अशी अट होती. घेतला.

मी गुरुदत्त मिरजकर. खिदिरपूरच्या गोदीत, कस्टमच्या कचेरीत कारकून. दिगंबरराव माझे वरिष्ठ. दरवर्षी माझा गोपनीय अहवाल ते लिहितात, म्हणून त्यांच्या शोधांचे अहवाल मी लिहितो. चपलेवरून गाव ते खरोखरच सांगतात. फक्त ते त्या माणसाचं नसतं.

[समासात, लाल पेन्सिलीने: एकदा बरोबर आलं होतं. — दि. घा.]

एकदा बरोबर आलं होतं. चप्पल त्यांची स्वतःची होती.

गाडी

दिगंबररावांनी स्कूटरसाठी नाव नोंदवलं त्याला सहा वर्षं झाली होती. यादीतला त्यांचा नंबर मधे एकदा मागेही गेला होता. अशात चहाच्या एका कंपनीचा शेवटचा गोरा साहेब विलायतेला परत निघाला आणि त्याची गाडी लिलावात आली. दोनच माणसांची, वर टप नसलेली, हिरवीगार, लांब नाकाची. ताशी एकशेवीस मैल पळणारी, निदान साहेब तरुण असताना पळणारी. बोली बोलायला दोघेच होते, दिगंबरराव आणि एक भंगारवाला. भंगारवाला आधी थांबला. यावरून जे अनुमान काढायला हवं होतं ते कलकत्त्यातल्या सर्वश्रेष्ठ गुप्तहेराने काढलं नाही.

स्कूटरच्या पैशात विलायती गाडी आली. ती चालवायची मात्र स्कूटरच्याही पैशात नाही, असं ठरलं. त्यासाठी दिगंबररावांनी शास्त्र बनवलं. कलकत्ता तळहातासारखं सपाट, म्हणून माझेरहाटचा पूल हे आमचं एकमेव हिल स्टेशन. पुलाच्या माथ्यावर इंजिन बंद करायचं आणि उतारावरून देव नेईल तिथवर जायचं. मागचे बसवाले आमच्या पूर्वजांची आठवण काढत. काच पुसायचा दांडा माझ्या बोटाला बांधलेल्या सुतळीवर हलायचा. एकदा पंख्याचा पट्टा तुटला, तेव्हा दिगंबररावांच्या पत्नीच्या, सुनीतीवहिनींच्या, परकराची नाडी लावली. त्या दिवशी गाडी घरापर्यंत उत्तम चालली. घरी पोचल्यावर दिगंबररावांचं काही चाललं नाही.

क्वार्टर्सच्या गल्लीत गाडी शिरत नाही. म्हणून सोमवार ते शनिवार ती बेहालाला, निमाई मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडमध्ये विश्रांती घेई. रविवारी आम्ही दोघं तिला फिरवून आणत असू. निमाई जागेचं भाडं घेत नसे. दुरुस्तीचंही नावाला घेई.

"कलेची कदर आहे त्याला," दिगंबरराव म्हणत.

गुन्हा

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या नोव्हेंबरात पेट्रोल एवढं महागलं, की लोक टाकीला कुलूप लावू लागले. त्याच महिन्यातल्या एका रविवारी दिगंबररावांनी आपल्या टाकीत काठी घालून पाहिली. मग मला घालायला लावली. मग निमाईला.

पेट्रोल वाढलं होतं.

आठ दिवसांपूर्वी काठीचं टोक ओलं झालं होतं. आज काठी अर्ध्यावर भिजली. पुढच्या रविवारी सीटवर नवं कव्हर. त्याच्या पुढच्या रविवारी गाडी धुतलेली, पितळ घासलेलं, आणि मागचा गुळगुळीत टायर जाऊन तिथे नक्षीचा टायर.

"गुरुदत्ता, चोर घेऊन जातात," दिगंबरराव खालच्या आवाजात म्हणाले. "हा ठेवून जातोय. म्हणजे हा साधा चोर नाही."

"साहेब, चोरच नसेल."

"तुझ्या अहवालात मी 'कल्पनाशक्तीचा अभाव' असं लिहिलं होतं ना? तेच लिहीत राहीन."

सुनीतीवहिनींना यात गंमत वाटली नाही. "अहो, कस्टमच्या माणसाच्या टाकीत कोणी फुकट पेट्रोल ओततंय आणि तुम्ही काठ्या मोजताय? उद्या दक्षता विभागाची माणसं दारात आली तर त्यांना काठी दाखवणार? याला लाच म्हणतात."

"मी घेतलेली नाही. मला न कळत दिली आहे."

"असंच सगळे सांगतात." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. जानेवारी संपत आला होता. "पुढचा रविवार. तोवर कोण घालतंय ते सापडलं तर ठीक. नाही तर सोमवारी भंगारवाल्याला बोलावते. तो अजून वाट बघतोय, मी विचारून आलेय."

 कचेरीत दिगंबररावांना आता कोणी घारपुरे म्हणत नव्हतं, 'हिरव्या गाडीवाले' म्हणत होतं. पंधरा वर्षांत दिगंबररावांच्या मागे कोणतंच विशेषण लागलं नव्हतं. हे पहिलं होतं.

पुरावे आणि त्यांचं काय झालं

क. निशिगंधाच्या पाकळ्या. सीटखाली, मूठभर.

ख. रुपयाच्या नाण्याएवढे चकचकीत पारदर्शक तुकडे. चिकट. दिगंबररावांनी हुंगून सांगितलं, "समुद्र." त्यांच्या सात पिढ्यांत कोणी वरणापलीकडे गेलं नव्हतं.

ग. लाल कापड, काठाला जर. वीतभर रुंद, दीड हात लांब, मोजून निऱ्या घातलेल्या आणि वर सेफ्टी पिन.

घ. नथ. बोटाच्या पेराएवढी.

च. पानाचा विडा. ओला, पण चावलेला नाही.

छ. कुंकू, सीटच्या पाठीवर.

(ङ वगळला. तो दिगंबररावांना नीट लिहिता येत नाही.)

[समासात: येतो. घाईत होतो. — दि. घा.]

आणखी एक विचित्र गोष्ट. डिसेंबरच्या मध्यापासून बरोबर एक महिना काहीच घडलं नाही. पेट्रोल होतं तेवढंच, पाकळी नाही, कुंकू नाही. जानेवारीच्या मध्याला पुन्हा सुरू.

"स्पष्ट आहे," दिगंबरराव म्हणाले. "गुन्हेगार सरकारी नोकर आहे. तो महिनाभर रजेवर होता."

या पुराव्यांतून उभ्या राहिलेल्या सिद्धान्तांपैकी पहिला घड्याळांच्या तस्करांचा होता, तो मंगळवारी पडला, कारण तस्कर टायर बदलून देत नाहीत. बुधवारी परदेशी हेरसंस्था आली. तिला दिगंबररावांकडून काय हवं असेल, हे दिगंबररावांनाही सुचेना, म्हणून गुरुवारी ती मनाला लावून न घेता गेली. शुक्रवारी मात्र त्यांनी मला कचेरीच्या जिन्यात गाठलं.

"गुरुदत्ता, गाडीत एक स्त्री असते."

"हो?"

"नवी नवरी. कुंकू, नथ, लाल शालू. शालूच्या लांबीवरून उंची दीड हात. जहाजातून आलेली, कारण समुद्राचा वास. विडा तोंडात धरते, पण चावत नाही. म्हणजे दात नाहीत."

"दात नसलेली, दीड हाताची नवी नवरी?"

"आणि निशिगंध! इथे प्रेतावर निशिगंध घालतात, मी पाहिलंय." ते एक पायरी खाली उतरले. "लग्न झालं, गाडीत बसवली, आणि संपवली. माझ्या गाडीत. दर आठवड्याला."

"दर आठवड्याला नवी?"

"म्हणून तर टोळी म्हणतोय!"

प्रकरण पाचवे

हे प्रकरण दिगंबररावांनी फाडून टाकलं. त्यात शनिवारी दुपारी बेहालाला वेषांतर करून ठेवलेली पाळत होती. वाचकांनी एवढंच समजावं, की गटार उघडं होतं.

उकल

रविवारी सकाळी दिगंबररावांनी सुनीतीवहिनींना आणि मला समोर बसवलं. पुरावे देवपूजेच्या ताम्हनात मांडले होते. पोलीस ठाण्यासाठीची तक्रार तयार होती, चार पानी, तिच्यात 'दीड हाताची' हे शब्द अधोरेखित. दिगंबररावांनी घसा साफ केला.

एवढ्यात शेजारच्या कालिंदीमावशी वाटी परत करायला आल्या. मावशींचे आजोबा कलकत्त्याला आले, तेव्हापासून हे कुटुंब इथलंच. तीस वर्षं त्यांनी बंगाली शाळेत गणित शिकवलं होतं. त्यांनी ताम्हनात डोकावलं.

"ओ मा! तत्त्वाचा मासा कोणाकडे आला?"

"मावशी, मी एका खुनाचा तपास—"

"खून कसला? ही खवली रुई माशाची, म्हणजे रोहूची. आपलं रुखवत असतं ना, तसं यांचं तत्त्व. लग्नाच्या सकाळी वराकडून वधूकडे जातं, हळदीबरोबर. त्यात मोठा रुई मासा, त्याला नवरीसारखं सजवतात. साडी, नथ, कुंकू, तोंडात विडा. आणि निशिगंधाने नवरदेवाची गाडी सजवतात." त्यांनी वाटी ठेवली. "तुमची गाडी कोणीतरी लग्नांना देतंय. पोळ्या छान झाल्या होत्या हं, सुनीती."

"पण महिनाभर बंद होतं ते?"

"पौष. यांचा पौष डिसेंबरच्या मध्याला लागतो, आणि पौषात लग्नं नसतात."

मावशी गेल्या. एकंदर दीड मिनिट लागलं असेल, त्यात पोळ्यांचं कौतुकही आलं.

दिगंबररावांनी नथ उचलली, पाहिली, ठेवली. "माझा संशय पहिल्यापासून निमाईवरच होता," ते म्हणाले, आणि तक्रारीत खुनाच्या जागी 'अनधिकृत वापर' असं घालायला बसले.

बेहाला

आम्ही तिघं बसने गेलो. शेडमध्ये गाडी निशिगंधाच्या माळांनी झाकली होती. शेजारच्या सीटवर, केळीच्या पानावर, ती होती. नवी साडी, नवी नथ, गोल डोळे, तोंडात विडा.

"चोर!" दिगंबरराव निमाईला म्हणाले. माशाकडे त्यांनी पाहायचं टाळलं.

निमाईचं हिंदी बंगालीत बुडवलेलं असतं. इथे मी ते मराठीत वाळवून देतोय.

"चोर?" निमाईने हात पुसले. "शार, कालच्या गटारानंतर आज तुम्ही याल असं वाटलं नव्हतं. ही बॅटरी भट्टाचार्यांच्या लग्नाची. मागचा टायर एका डॉक्टरच्या मुलाच्या लग्नाचा. क्लच, दोन लग्नं मिळून. पेट्रोल, कार्ब्युरेटर, रंग, सीट, सगळी नवरदेवांची कृपा. नवरदेवांना ही गाडी फार आवडते. दोनच सीटा, म्हणून काका-मामांना बसता येत नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"खरं बिल सांगितलं असतं तर तुम्ही गाडी विकली असती. अशी गाडी माझ्या हाती पुन्हा येणार नाही." त्याने बॉनेटवरची एक पाकळी टिपली. "तुमच्या हातीही."

"यात माझं काय उरलंय मग?"

निमाई प्रामाणिक माणूस. त्याने गाडीला एक फेरी मारली. "नंबरप्लेट," तो म्हणाला. "आणि हॉर्न. हॉर्न वाजत नाही."

मग त्याने किल्ली काढून बॉनेटवर ठेवली. "घेऊन जा. पोलिसांना बोलवा. पण आज हिला मी हात लावणार नाही. चोराच्या हातून तत्त्व जात नसतं." आणि तो स्टुलावर पाठ करून बसला.

तेवढ्यात रस्त्यावर टॅक्सी थांबली. तिच्यात हळदीची ताटं, मिठायांचे डबे आणि नवरदेवाचे मामा होते. मामा ओरडत आले, "काय चाललंय? तिकडे मुलगी पाटावर बसलीय! इकडची हळद गेल्याशिवाय तिला हळद लागत नाही, सकाळपासून उपाशी आहे पोर!"

निमाई हलला नाही. मामांनी त्याच्याकडे पाहिलं, मग दिगंबररावांकडे. "ड्रायव्हर आहे की नाही?"

 दिगंबररावांच्या एका हातात चार पानी तक्रार होती. ती दिली, की केस सुटली, त्यांच्या आयुष्यातली पहिली. आणि उद्या गाडी गल्लीच्या तोंडाशी पुन्हा परकराच्या नाडीवर उभी, तीही भंगारवाला येईपर्यंत. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी माशाच्या साडीकडे पाहत होत्या.

"माझ्यापेक्षा चांगली नेसवलीय," त्या म्हणाल्या. "जाताय का? ती मुलगी उपाशी आहे."

मासा केळीच्या पानावरून घसरत होता. दिगंबररावांनी तक्रारीची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि ती पानाखाली टेकण म्हणून सरकवली. मासा नीट बसला. मग त्यांनी किल्ली उचलली.

"ब्रेक?" त्यांनी विचारलं.

"ते आजच्या लग्नातून येणार होते," निमाई पाठमोराच म्हणाला. "वाटेत पूल नाही. सावकाश न्या."

त्यांनी सावकाश नेली. मी आणि वहिनी मामांच्या टॅक्सीत, मांडीवर संदेश मिठाईचे डबे घेऊन, मागे. पुढे हिरव्या गाडीत दिगंबरराव घारपुरे, सात पिढ्यांचे शाकाहारी, आणि शेजारी नवरी. वळणावर ती कलली की ते डाव्या हाताने तिचा पदर सावरत. रस्त्यावरची माणसं थांबून हात करत होती. 

"गुरुदत्त भाऊजी, उद्या त्या भंगारवाल्याला काय सांगू?"

"वहिनी, आपल्याकडे विकायला नंबरप्लेट आणि हॉर्नच आहे."

त्या हसल्या. डबा धरून हसल्या. गाडी आल्यापासून गाडीवरून हसलेल्या मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

वधूच्या दारात शंख वाजला. बायकांनी जीभ हलवून मंगल उलूध्वनी केला आणि दोघींनी नवरीला पानासकट उचलून आत नेलं. तक्रारही आत गेली, तिचं पुढे काय झालं ते कळलं नाही. एका म्हातारीने दिगंबररावांच्या तोंडात संदेश कोंबला. गाडीभोवती वधूकडची सगळी मंडळी जमली. वधूचे वडील बॉनेटवरून हात फिरवत आले. डोळे लाल, पहाटेपासून जागे असावेत.

"काय गाडी आहे! कोणाची हो?"

दिगंबररावांनी संदेश गिळला. बॅटरी, टायर, क्लच, रंग, सगळ्यावरून त्यांची नजर एकदा फिरली.

"निमाईबाबूंची," ते म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी रविवारी चालवतो."