तिसऱ्या मजल्यावर उन्हाची स्वारी आणि वाळ्याच्या ताटीची हकीकत

॥ श्री ॥ घरांत गारवा नांदो, दारांत उजेड नांदो ॥

शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख मास. ही इमारत बांधणारे कारभारी हो, आधीं तुमच्या तोंडावर सांगतों, खिडक्यांवरचे छज्जे तुम्हीच खाल्ले. नकाशांत होते, भिंतीवर आलेच नाहींत. आतां हकीकत ऐकावी.

एक राज्य होतें, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक मोरी इतुकें. तेथें हैबतराव सुतार राज्य करीत, ज्यांनी उभी हयात दुसऱ्यांचीं दारें बसविलीं. त्यांची कन्या मैना सातवा सरतां पहिल्या बाळंतपणास माहेरीं आली, आणि विहीणबाईंनी फोनावरून बजाविलें कीं, "अक्षय्यतृतीयेला बघायला येते. घराची भट्टी असेल तर सून माघारी नेईन हो!" ऐसा पेंच पडला. मग राजांनी मुलखाची पाहणी केली, तों काय दिसलें? एसी दिवसभर घरघरे आणि गारवा दाराखालच्या फटींतून जिन्यांत पळे, तेथें शेजाऱ्यांचें कुत्रें पाय ताणून सुखें निजे. एसीची जाळी आणल्यापासून धुतली नव्हती, तिजवर धुळीचें कांबळें जाहलें होतें. आणि फ्रीज शेगडीस खेटून उभा, त्याच्या दाराचें रबर फाटलेलें. सगुणाबाई राणीसाहेब म्हणाल्या, "अहो, जगाची दारं बसवलीत, आणि आपल्या दाराखालून कुत्र्याला वारा घालताय!" राजे लाजले. मग त्यांनी दाराखालीं रबराची पट्टी ठोकिली, आणि जाळी धुतली, आणि फ्रीजाचें रबर बदलून तो बाहेरच्या खोलींत नेला, आणि तरी चार वाजतां पश्चिमेची भिंत ऐसी तापे कीं हात टेकवेना. डोक्यावर स्लॅब, खिडकीस उघडी कांच, शत्रूस हमरस्ता!

तेव्हां राजांस जुनी बैठी वसाहत आठवली, जी कारभाऱ्यांनी पाडिली. कौलें होतीं, हातभर वळचण होती, समोरासमोर खिडक्या होत्या, आणि दुपारीं राणीसाहेब वाळ्याच्या ताटीवर तांब्यानें पाणी मारीत, आणि एवढीशी मैना शहाबादी फरशीवर पोट टेकून त्या ओल्या वासांत चित्रें काढीत असे. राजांचे डोळे भरले. मग त्यांनी करवत काढिली, आणि बांबूची चौकट केली, आणि वाळा भरून ताटी खिडकीबाहेर टांगिली. पाणी पडतांच वारा गार जाहला, आणि मैना डोळे मिटून म्हणाली, "बाबा, आपलं घर आलं."

तृतीयेस विहीणबाई भर दुपारीं आल्या, आणि भिंतीस हात लाविला, आणि बराच वेळ खिडकीशीं उभ्या राहिल्या, आणि बोलिल्या, "आमच्या बंगल्यात एवढं सुख नाही, सुतारभाऊ. राहू द्या पोरीला. आता आमरस वाढा!" राज्यांत आनंदीआनंद जाहला.

पांचवे दिवशीं कारभाऱ्यांचे दोन शिपाई आले. म्हणाले, "काका, बाहेर काही टांगायचं नाही. इमारतीची शोभा जाते."

"छज्जा घाला, आत्ता उतरवतो."

"वरून हुकूम आहे."

"वर स्लॅब आहे! दुपारी तिथं बसून दाखव म्हणावं हुकूमवाल्याला!"

शिपायांनीं दोर कापिले. ताटी खालीं पडून चौकट मोडली. दुसरे दिवशीं चार वाजतां मैनेस भोवळ आली, आणि सांज होतां विहीणबाईंची गाडी आली. त्या रागें भरल्या नाहींत, इतुकेंच म्हणाल्या, "तुमचा दोष नाही, पण दोन जिवांचा प्रश्न आहे." मैना आईच्या गळ्यांत पडून रडली आणि गेली. राजांनी दार लाविलें. पट्टी घट्ट बसली होती, कोठें फट नव्हती.

येणेंप्रमाणें जें घरच्यांच्या हातीं होतें तें घरच्यांनीं केलें. कारभारी हो, पोरीचे दिवस भरण्यास अजून दीड महिना आहे. छज्जा घालतां कीं ताटी टांगूं देतां? शिपायाकरवीं निरोप नको. लेखी उत्तर द्या, खालीं आपलें नांव घालून.