दिघे मास्तरांचा पाय

भोरच्या बाजारात, पालथ्या पडलेल्या माणसाच्या कमरेला उजव्या पायाचा अंगठा लावून, अंगात कोट, डोक्याला पगडी आणि हातात उघडी वही असा उभा राहिलेला इंग्रजीचा मास्तर मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे दिघे मास्तर. मी भोंगवलीच्या शेतकऱ्याचा मुलगा. घरात माझ्याआधी कोणी चौथीपुढे गेलेले नव्हते. मी बी. ए. झालो तो त्यांच्यामुळे, आणि त्यांच्याच शाळेत शिक्षक होऊन परत आलो.

मास्तर इंग्रजी शब्दांना मराठी शब्द जमवत. त्यांच्या वहीत इतर शब्दांना एखादी ओळ असे, पण ‘स्ट्रेन’ला अकरा पाने होती. छापील कोशात ‘ताण’ एवढाच अर्थ दिला होता, त्याचा त्यांना फार राग. “ताण दोरीला असतो. माणसाला काय काय असतं ते घरी विचारून या,” असे ते वर्गाला सांगत. मी वडिलांना विचारून ‘धाप’ हा शब्द नेला होता. मास्तरांनी तो परत केला. धाप नंतर लागते, म्हणाले, आधी काय होतं ते आण. लचक, मुरगळ, चमक आणि उसण यांना एका ओळीत बसवणाऱ्या विद्यार्थ्याला ते बाकावर उभे करत. लचक पाऊल चुकल्याने भरते, चमक येते आणि जाते, उसण मात्र पाहुण्यासारखी मुक्काम करते, असे त्यांचे म्हणणे. ‘स्ट्रेन’ या एकाच शब्दात इंग्रजांनी चहा गाळणे आणि गाण्याचे सूरही घातले आहेत, हे सांगताना त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा होई.

अर्थ गोळा करायला ते बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांत जाऊन बसत. एकदा वेल्ह्याकडच्या एका माणसाची कंबर धरली होती. मास्तर जन्मताना पायांकडून आलेले, म्हणजे पायाळू, हे त्याला कुणीतरी सांगितले होते. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण जाते, ही आमच्याकडची समजूत. तो गडी तिथेच पालथा पडला. मास्तरांनी वही उघडली.

“आधी सांग, कसं दुखतं?”

“आत कुनी खुटी ठोकल्यावानी.”

ते लिहून घेतले आणि मग पाय लावला. गडी उठून बैल बघायला गेला. पुढच्या बाजाराला सातजण ओळीने पडले होते.

नियम ठरून गेला. आधी शब्द, मग पाय. नुसते ‘लई दुकतंय’ म्हणणाऱ्याला बाजूला बसून विचार करून यायला सांगत. एक म्हातारी त्यांच्यावर उखडली. “मास्तर, दुकन्याला नावं ठिवाया आमास्नी येळ कुठं हाय?” मास्तरांनी तेही वहीत उतरवले आणि तिला सगळ्यांच्या आधी घेतले.

पुण्याहून आलेल्या नव्या हेडमास्तरांना हे कळले. मॅट्रिकला इंग्रजी शिकवणारा माणूस बाजारात लोकांना लाथा मारतो, असे ते म्हणाले. त्यांनी एक कागद लिहिला. यापुढे कोणाला पाय लावणार नाही अशी सही द्यायची, नाहीतर मॅट्रिकचा वर्ग सोडून इंग्रजी पहिलीला ए बी सी शिकवायला जायचे. मास्तर माझे ऐकतील म्हणून कागद माझ्याकडे दिला. मॅट्रिकचा वर्ग म्हणजे मास्तरांचा संसार होता. त्यांना दुसरा नव्हता.

मी मधल्या सुट्टीत त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि धीर करून म्हणालो, “मास्तर, पाय लावून उसण जाते हे तुम्हाला तरी खरं वाटतं का?”

“नाही वाटत.”

“मग सही करा ना.”

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. पुष्कळ वेळ पुसला.

“आमच्या घरातली वेल्ह्याकडची. नदीवरून पाणी आणताना तिला उसण भरली. मला म्हणाली, नुसता पाय लावा हो. मी नुकता शिक्षक झालेलो. कोश पुढ्यात होता. पाय लावला नाही. स्नायूवर ताण कसा येतो, ते तिला अर्धा तास समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग भिंतीला धरून उठली आणि दळायला बसली. त्याच साली प्लेगात गेली.”

मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“पायानं काही होत नसेल हो. पण तिनं मागितलं होतं.”

कागद त्यांनी नीट घडी घालून माझ्या हातात दिला.

हेडमास्तरांनी कारण विचारले. मी एवढेच सांगितले की नाही म्हणाले. जूनमध्ये दिघे मास्तर इंग्रजी पहिलीच्या मुलांकडून ए बी सी गिरवून घेऊ लागले आणि त्यांचा मॅट्रिकचा वर्ग माझ्याकडे आला. त्यांची खुर्ची होती तिथेच होती. ते वर्षभर मी उभ्याने शिकवले.