सात नंबरचे मालक

अब्दुल रझाक परकार यांच्या मालकीचे पिस्तूल त्यांना घरी नेता येत नाही. त्याला हात लावण्यापूर्वी त्यांना ओळखपत्र दाखवावे लागते, कानांवर जाड आवरणे चढवावी लागतात आणि नेमबाजीच्या क्लबातल्या फिलिपिनो बाईंची परवानगी घ्यावी लागते. पिस्तूल पोलादी तारेने काउंटरला बांधलेले असते. त्यावर सात हा आकडा रंगवलेला आहे. शनिवारी थोडा वेळ ते परकारांच्या हातात असते. उरलेला आठवडा ते येईल त्या पर्यटकाच्या हातात असते. असे असूनही परकार स्वतःला त्याचे मालक म्हणवतात. नुसते म्हणवत नाहीत, इंटरनेटवर तसे लिहितात. मला याची चीड होती आणि ती मी लपवली नाही.

आम्ही अजमानमध्ये एकाच इमारतीत राहतो. मी सहाव्या मजल्यावर मुलाकडे, ते चौथ्यावर एकटे. माझे आयुष्य जबल अलीच्या बंदरात विम्याचे दावे तपासण्यात गेले. बुडालेला माल, भिजलेला माल, आणि न भिजताच भिजला म्हणून सांगितलेला माल. परकार मूळचे रत्नागिरीकडचे. शारजात त्यांचे एसीच्या सुट्या भागांचे दुकान होते. ते आता जावई चालवतो. किरकोळ अंग, पांढरी आखूड दाढी, कडक इस्त्रीचा सदरा. असा मनुष्य पिस्तुलाविषयी बोलू लागला की ऐकणाऱ्याला आधी वाटते, आपल्याच कानांत काही बिघाड झाला असावा.

आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. पूर्वसूचना न देता त्यांनी माझे मनगट धरले.

"साहेब, मूठ आवळा."

मी आवळली.

"ढिली आहे. तुमच्या हातात पिस्टल दिलं तर रिकामं काडतूस अडकणार. वल्ला, लिहून देतो."

लिफ्टमध्ये एक इजिप्शियन बाई मुलाला घेऊन उभ्या होत्या. बाकीचे संभाषण त्यांना कळण्याचे कारण नव्हते. 'पिस्टल' हा एक शब्द कळला. त्या पुढच्याच मजल्यावर उतरल्या. त्यांचे घर त्या मजल्यावर नव्हते.

"या देशात हा शब्द लिफ्टमध्ये उच्चारू नये," मी परकारांना बजावले.

"का? मी मालक म्हणून बोलतो."

त्या दिवसापासून ते आमच्या घरी येऊ लागले. मी बोलावले नव्हते. बसले की त्यांना हातात काहीतरी लागे. आमच्याकडे बहुधा एसीचा रिमोट सापडे. तो दोन्ही हातांनी धरून, एक डोळा मिटून, ते भिंतीवरच्या कालनिर्णयावर नेम धरत आणि बटण दाबत. प्रत्येक नेमागणिक खोली गार होत जाई. मे महिन्यात माझी सून शाल पांघरून चहा देत असे. "काका, यल्ला, आता तरी शस्त्र खाली ठेवा," ती म्हणे. परकार रिमोट खाली ठेवत, आणि चमचा उचलत.

हे सारे एका संकेतस्थळापायी चालले होते. अमेरिकेतल्या एका दुकानाचे ते स्थळ. तेथे जे पिस्तूल विकत घेतात ते त्याविषयी आपले मत लिहितात आणि पाचापैकी तारे देतात. सात नंबर ज्या बनावटीचे आहे त्या बनावटीचे एक मोठे पानच तेथे होते. परकारांनी ते पान मला सक्तीने वाचायला लावले. एका मालकाला मूठ आवडली, कारण ती बायकोच्याही हाताला बसते. दुसऱ्याच्या मते ट्रिगर जड आहे. तिसऱ्याने एकच तारा दिला होता, कारण पार्सल उशिरा पोहोचले. टपालाचा दोष पिस्तुलाच्या माथी! असा दावा माझ्या टेबलावर आला असता तर मी तो त्याच दिवशी फेटाळला असता.

परकार या प्रत्येकाला उत्तर देत. त्यांचे इंग्रजी दुकानातले होते. 'ब्रदर, युअर हँड इज नॉट ओके.' एवढेच. ते वाचून मला रात्री अन्न गोड लागले नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांची उत्तरे लिहायला घेतली. पिस्तुलाशी मला कर्तव्य नव्हते; वाक्य धड असावे, एवढाच आग्रह होता. अट एकच घातली: खोटे लिहायचे नाही.

पहिलाच खटका 'मालक' या शब्दावर उडाला. त्या स्थळावर त्यांनी स्वतःचे नाव 'ओनर सेव्हन' असे ठेवले होते.

"हे असत्य आहे," मी म्हणालो. "पिस्तूल क्लबाचे. तुम्ही भाडेकरू."

"केळकर साहेब, फ्लॅट कोणाचा?"

"घरमालकाचा."

"गाडी?"

"बँकेची."

"आणि व्हिसा संपला की?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"मग सगळी जिंदगी इथं काढून एका पिस्टलाला माझं म्हटलं तर कोणाचं काय गेलं?"

युक्तिवाद भोंगळ होता. मी तो मान्य केला नाही. नाव मात्र तसेच राहू दिले.

आता टेक्सासच्या गृहस्थाविषयी. त्याला मी टेक्सासकर म्हणत असे. त्याने पिस्तुलाला दोन तारे दिले होते. तक्रार अशी की गोळी सुटल्यावर रिकामे काडतूस बाहेर न पडता स्लाइडमध्येच, म्हणजे वरच्या सरकत्या भागातच, अडकते. पुढची गोळी वर चढत नाही. असल्या हत्यारावर विसंबणारा मूर्ख. परकारांनी कळवले की दोष मनगटाचा आहे. टेक्सासकराने कळवले की दोष पिस्तुलाचा आहे, आणि ओनर सेव्हन यांना कंपनी पगार देत असावी. असे कित्येक महिने चालले.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" परकार आमच्या दिवाणखान्यात फेऱ्या मारत. "मॅगझिनला नावं ठेवतो! स्प्रिंगला नावं ठेवतो! स्वतःचा हात बघ ना, गाढवा!"

"लिहू?" मी लेखणी सरसावून विचारी.

"गाढव नका लिवू. 'माय फ्रेंड' लिवा."

"त्याने आपल्याला पगारी म्हटले आहे."

"तरुण आहे. रक्त गरम."

"तरुण आहे हे तुम्हांला कशावरून कळले?"

"लिवण्यावरून कळतं."

मी 'माय फ्रेंड' खोडत असे. ते पुन्हा घालायला सांगत. इतरांना उत्तर देताना त्यांना असल्या नरमाईची आठवण होत नसे. पार्सलवाल्याला तर त्यांनी माझ्याकडून असे काही लिहवून घेतले होते की त्याने आपले मतच काढून टाकले.

एका दुपारी ते अनवाणी वर आले. चपला घालायचेही भान नव्हते. हातात मोबाइल.

टेक्सासकराने लिहिले होते: मी हे पिस्तूल महिनाअखेर विकणार. या पानावर पुन्हा येणार नाही. मला उत्तर देण्याची तसदी घेऊ नये.

"त्याला थांबवा," परकार म्हणाले.

माझा संयम सुटला. "परकार, पृथ्वीच्या पाठीवर एक मनुष्य एक पिस्तूल विकतो आहे. त्यात तुमचे काय बुडाले? चपला नाहीत पायात! माझ्या सुनेने तुमच्यापायी उन्हाळ्यात शाल घेतली. मी या वयात स्प्रिंग आणि स्लाइडवर निबंध लिहितो आहे. विकू दे त्याला!"

"विकलं तर तो तिथं येईल कशाला?"

"न येवो!"

ते खुर्चीत बसले. या वेळी त्यांनी हातात काही घेतले नाही.

"आमचा अश्रफ आहे तो," ते म्हणाले.

त्यांना मुलगा आहे हे मला ठाऊक नव्हते. मुलीविषयी, जावयाविषयी ते बोलत. मुलाचे नाव त्यांनी काढले नव्हते.

हकिगत लहान आहे. बायको शारजाच्या इस्पितळात वारली तेव्हा अश्रफ विमानात होता. त्यांच्यात दफनाला उशीर करत नाहीत. वडीलधारी म्हणाली, उन्हाचे दिवस आहेत, मय्यत ठेवू नका. परकारांनी ऐकले. अश्रफ विमानतळावरून थेट कबरस्तानात पोहोचला तेव्हा माती ओढून झाली होती. 'यू कुड नॉट वेट,' एवढे बोलून तो परतीच्या विमानात बसला. नंतर त्याने बापाचा फोन घेतला नाही. पुढे कधीतरी बहिणीकडून कळले की भाईने पिस्तूल घेतले आहे आणि त्याच्या तक्रारी अमुक ठिकाणी लिहिल्या आहेत.

"मला हत्यारातलं काय कळतं, साहेब? लहानपणी शेजारची पोरं दिवाळीत टिकल्या वाजवायची, तर मी घरात पळायचो. पण न चालवता लिवलं असतं तर त्यानं पहिल्या ओळीत पकडलं असतं. म्हणून क्लब शोधला. तेच पिस्टल कोणाकडे आहे, विचारत फिरलो."

"आपण कोण, हे त्याला कळवा."

"कळलं की खलास. बंद करील."

"मराठीत दोन ओळी लिहा. स्वतःच्या हाताने."

"त्याला मराठी वाचता येत नाही. बोलता येतं, पण लहान होता तेव्हापासून जवाब इंग्लिशमध्येच. आणि माझं इंग्लिश तुम्ही बघितलंय."

मला संताप आला. त्या मुलाचा आला, परकारांचा आला, उन्हाचे कारण सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांचा आला. तो कोणावर काढावा हे ठरेना, म्हणून मी म्हणालो, "शनिवारी मी क्लबात येतो. माल पाहिल्याशिवाय मी अहवाल लिहीत नाही."

क्लब शहराबाहेर वाळूत आहे. परकारांनी सात नंबर हातात घेतले. प्रथम त्यांनी नेहमीप्रमाणे मनगट ताठ धरून गोळ्या झाडल्या. काडतुसे व्यवस्थित बाहेर उडाली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मनगट मुद्दाम सैल सोडले. एक गोळी सुटली, दुसरी सुटेना. रिकामे काडतूस स्लाइडमध्ये आडवे अडकून बसले होते, टेक्सासकराने वर्णिले होते अगदी तसे.

"सर! फर्म ग्रिप!" फिलिपिनो बाई धावत आल्या. त्यांनी काडतूस काढून दिले. परकारांनी पुन्हा मनगट सैल सोडले. पुन्हा अडकले. तिसऱ्या खेपेस बाईंनी, आपण मालक असाल पण आता बस झाले, अशा अर्थाचे काहीतरी सुनावले. परकार कानांवरची आवरणे न काढताच मला ओरडून सांगत होते, "बघितलंत? त्याचा हात ढिला आहे! आईसारखा! तिच्या हातातून कपबशी पण सुटायची!"

मी घरी येऊन उत्तर लिहिले. दोष कसा उत्पन्न करून पाहिला, कसा नाहीसा केला, मूठ कोठे व किती आवळावी, कोपर कसे ठेवावे. शेवटी लिहिले की विकण्यापूर्वी एकदा असे करून पाहावे. 'माय फ्रेंड' हे शब्द या खेपेस मी आपण होऊन घातले.

पुढचे काही दिवस परकार वर आले नाहीत. लिफ्टमध्ये भेटत. मोबाइलकडे पाहत. एकदा माझे मनगट हातात घेतले आणि तसेच सोडून दिले.

मग उत्तर आले. मीच वाचून दाखवले. टेक्सासकराने दोन तारे काढून पाच दिले होते. दोष माझ्या पकडीचाच होता, असे त्याने लिहिले होते. पिस्तूल उत्तम आहे, विकणार नाही, ओनर सेव्हन यांचे आभार, याउपर सांगण्यासारखे काही नाही.

"दावा मंजूर," मी म्हणालो. "अभिनंदन."

परकारांनी कपाला हात लावला नाही. सुनेने ठेवलेला चहा निवला.

"जिंकलात तुम्ही," मी पुन्हा सांगितले.

"हो ना," ते म्हणाले. "पण आता तो काय लिवणार?"

मी पान पुन्हा पाहिले. पाच ताऱ्यांच्या वर जागा नव्हती.

ते उठून माझ्या शेजारी आले आणि म्हणाले, "साहेब, सात नंबरात एखादा दोष काढा."

"त्यात दोष नाही. मी पाहिले आहे."

"काढा."

"खोटा?"

"खोटा."

आयुष्यभर ज्याच्या विरोधात अहवाल लिहिले तेच लिहिण्यासाठी मी चष्मा लावला. ट्रिगर कमालीचा जड आहे. नेम धरायची पुढची माशी भर उन्हात दिसत नाही. मूठ माणसाच्या हातासाठी घडवलेली वाटत नाही. पूर्वीचे माझे मत मी मागे घेतो. परकार शेजारी उभे राहून ऐकत होते. प्रत्येक आरोपाला त्यांचा चेहरा कसनुसा होत होता.

"अजून कडक," ते म्हणाले. "त्याला राग यायला पाहिजे."

मी लिहिले की या पिस्तुलाला पाच तारे देणाऱ्यास हत्यारातले ओ की ठो कळत नाही. तारे त्यांनी स्वतः दिले. बोट बराच वेळ काचेवर अधांतरी होते. अखेर एकावर टेकले.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. मी आजवर त्या पानावर वाचलेल्या सर्वांत लांब मजकुरापेक्षा ते लांब होते. ट्रिगरचे समर्थन एक परिच्छेद, माशीचे एक, मुठीचे दोन. परकारांना त्यात अडाणी, चंचल आणि कृतघ्न म्हटले होते. मत फिरवणाऱ्या माणसाच्या हाती पाण्याची पिचकारीही देऊ नये, असेही म्हटले होते. इंग्रजी निर्दोष होते. परकार डोळे मिटून, हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होते. मला मात्र प्रत्येक ओळीगणिक त्वेष चढत होता. वाचून होताच मी कीबोर्ड ओढला.

"काय उत्तर देऊ?"

"घाई नाही," परकार म्हणाले. "पुन्हा वाचा."