रुसव्यानं बुजवलेल्या पायऱ्या

"हसवून सांगितलं की माणसाला काहीही पटतं!" टिळकवाडीच्या बंगल्यात पुन्हा आमटी वाढून घेत मार्तंडरावांनी जाहीर केलं. त्यांची बायको प्रमोदिनी कौतुकानं हसली. तिचे वडील, वकील आप्पासाहेब, खाली मान घालून जेवत राहिले. बंगला त्यांचाच, पण जेवताना ते फारसं बोलत नसत. निदान अलीकडे तरी.

मार्तंडराव प्रयोगशाळेत नारूवर संशोधन करत. नारू म्हणजे माणसाच्या पायातून बाहेर पडणारा हातभर लांबीचा जंत. कोगनोळीच्या अलीकडच्या एका गावात दरवर्षी ऐन पेरणीला निम्मं गाव पाय धरून अंथरुणावर पडायचं. सगळा दोष गावच्या पायऱ्यांच्या विहिरीचा. नारू झालेला माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय घाली, नारूची पिल्लं पाण्यात पडत आणि तेच पाणी गाव पिई. पायऱ्या बुजवून वर रहाट बसवला की खेळ खलास! पण त्या पायऱ्या मारुतीराव पाटलांच्या आज्यानं बांधलेल्या, आणि पाटील त्यातला एक दगड हलवू देईनात. मागच्या खेपेला मार्तंडरावांनी तक्ते लावून व्याख्यान दिलं, तेव्हा आधी पाटील घोरले आणि मग पाटलांचा मान राखून गाव घोरलं. या उन्हाळ्यात पायऱ्या बुजल्या तरच पुढच्या वर्षीच्या पेरणीला गाव उभं राहणार होतं.

म्हणून या खेपेला तक्ते घरीच राहिले. मार्तंडराव खांद्यावर उपरणं टाकून चावडीपुढे उभे राहिले आणि नारूची गोष्ट सांगू लागले. गोष्टीत त्यांनी नारूला जावई केला होता. ही कल्पना आपल्याला कुठून सुचली, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

हा जावई पाण्यातल्या बारीक किड्याच्या पोटात बसून येतो, म्हणजे फुकटच्या छकड्यातून! येताना हात हलवत येतो. चार दिवसांसाठी आलोय म्हणतो आणि वर्षभर आत बसून खातो. मार्तंडराव एकेक नक्कल करत होते आणि गाव लोटपोट हसत होतं. हसता हसता माणसं पाटलांच्या घोंगडीकडे का बघतायत, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्या घोंगडीवर पाटलांना खेटून एक उंच, सडपातळ गृहस्थ मिशा कुरवाळत बसला होता. तो पाटलांचा जावई भावकू. गेल्या दसऱ्याला सोनं द्यायला म्हणून आला होता आणि अजून परत जायचा होता.

लोक हसताहेत म्हटल्यावर मार्तंडरावांना चेव चढला. पाहुण्याला दूध साईसकट लागतं, असं त्यांनी मनानंच जोडलं. बायकांनी तोंडात पदर कोंबले. कामाचं नाव काढलं की तो कंबर धरतो म्हणाले, तर चावडीचा कट्टा हलायला लागला. निघाला तरी बोटभर बाहेर येतो आणि थांबतो, म्हणाले. रोज थोडा थोडा काडीला गुंडाळून हळूच काढावा लागतो. ओढलात तर तुटतो, आणि मग सासऱ्याच्या अंगभर सूज!

पाटील ताडकन उठले. "आमच्या घरातलं तुमास्नी कुणी सांगितलं?"

गाव गोष्टीत रंगलं, या आनंदात मार्तंडराव म्हणाले, "सांगायला कशाला हवं? किती दिवस त्याला काचेखाली घालून बघतोय मी."

"आमच्या जावयाला?"

"तुमच्याच घरात नाही पाटील, इथं घरटी एक आहे!"

आता मात्र प्रत्येक घर दुसऱ्या घराकडे संशयानं बघू लागलं. तेवढ्यात मागून कुणीतरी "नारूबापू" अशी हाक मारली. भावकूनं पटका काढून धुळीत आपटला, तरातरा जाऊन विहिरीच्या पहिल्या पायरीवर बसला आणि अन्नपाणी सोडल्याचं सांगून टाकलं. जावई रुसला! आणि त्या घरात जावयाचा रुसवा काढल्याशिवाय सासऱ्यानं घास उचलायचा नाही, अशी पिढीजात रीत.

सगळं गाव विहिरीवर लोटलं. मार्तंडराव एकेकाला गाठून आपण जंताबद्दल बोलत होतो म्हणून सांगत होते, पण ऐकतो कोण? संशोधन बुडालं, पायऱ्या राहिल्या आणि वर मार खायची वेळ आली, अशा विचारानं ते घामाघूम झाले. पाटलांनी भावकूला नवा पटका कबूल केला, मग बैलजोडी. भावकू हलेना. पाटील त्याचं मनगट धरायला पुढे झाले, तशी त्यांची बायको यशोदाबाई म्हणाली, "ओढू नगा हो. डाक्टरांनी काय सांगितलं?"

शेवटी भावकूनं तोंड उघडलं. "मामा, ह्या गावात नारू हाय तवर मला समदी नारूच म्हणणार. नारूच ऱ्हायला न्हाय, तर कोण म्हणंल? ह्या पायऱ्या बुजवा. आत्ता."

पाटलांनी आज्याच्या पायऱ्यांकडे बघितलं, मग जावयाकडे. मामलेदाराला नाही म्हणता येतं, डॉक्टरला नाही म्हणता येतं. जावयाला भरल्या गावात कसं नाही म्हणणार? आणि पोटात भूकही लागली होतीच.

"आणा रं पहारी," पाटील म्हणाले.

पहिली पहार खुद्द भावकूनं घातली. त्याला काम करताना बघायला शेजारच्या गावातून माणसं आली! पायऱ्या बुजल्या, रहाट बसला आणि घागरीच्या तोंडावर पाणी गाळायला शहापुरी लुगड्याची दुपदरी फडकी आली. पुढच्या वर्षी पेरणीला सगळं गाव आपल्या पायांवर शिवारात उभं होतं. ते बघून मार्तंडरावांचे डोळे भरून आले. पाटलांनी त्यांना भरजरी फेटा बांधला आणि हलगी लावून बैलगाडीतून हमरस्त्यापर्यंत पोचवलं. गाडीपुढे भावकू नाचत होता. तो अजून गेला नव्हता, पण त्याला आता कुणी नारू म्हणत नव्हतं.

फेटा न उतरवताच मार्तंडराव टिळकवाडीच्या बंगल्यात शिरले. आप्पासाहेब झोपाळ्यावर होते.

"आप्पा, गेला! एका वर्षात नारू गावातून गेला!"

आप्पासाहेबांनी झोपाळा थांबवला. जावयाकडे फेट्यापासून जोड्यापर्यंत एकदा नीट बघितलं.

"एका वर्षात? नशीबवान गाव," ते म्हणाले. "आमच्याकडे तिसरं चालू आहे."