जंगलाचे टायर

बालाघाटच्या बसस्टँडसमोर डोमाजीचं पंक्चरचं दुकान होतं. जे गोल आहे आणि ज्यात हवा मावते ते आपल्या हातून आजवर सुटलेलं नाही, असं त्याचं म्हणणं. मँगनीजचे ट्रक, ठेकेदाराची जीप, साहेबलोकांच्या फटफट्या, एकदा तर सर्कशीतल्या अस्वलाचा चेंडू. "विमान उतरलं तरी चाक खोलून दुरुस्त करून देईन," असं तो शेजारच्या बाबूलाल चहावाल्याला सांगायचा. बाबूलाल म्हणायचा, "विमानाचं राहू दे. आधी राजेगावले जाऊन वहिनीले घेऊन ये."

 यावर डोमाजी पंप ओढून जोरजोरात हवा मारायला लागायचा, मग ती कोणाला हवी असो वा नसो.

राजेगाव ही त्याची सासुरवाडी. वैनगंगेचा पूल ओलांडून गोंदियाच्या रस्त्याला लागलं की पार हद्दीवर. आषाढात त्याची बायको आनंदी बहिणीच्या बाळंतपणासाठी तिकडे गेली. बाळंतपण झालं, बारसं झालं, बहीण लेकराला घेऊन सासरीसुद्धा गेली. आनंदी काही आली नाही. तिने बसवाल्याकडे निरोप धाडला, "दुकान बंद करून स्वतः घ्यायले या. तरच येईन."

याला कारण होतं. लग्न झाल्यापासून दर दसऱ्याला ती म्हणायची, आपण नागपूरला जाऊ, दीक्षाभूमीवर डोकं टेकवू. दर दसऱ्याला डोमाजी हौ म्हणायचा, आणि निघायच्या दिवशी कुठल्या तरी ट्रकचं चाक बसायचं. "गाड्या का दसऱ्याची सुट्टी घेऊन राह्यल्या?" असं म्हणत तो दुकानाची फळी उघडायचा. आनंदीने बांधलेलं गाठोडं ती पुन्हा सोडायची.

निरोप ऐकून डोमाजी चारचौघांत म्हणाला, "गेली तशी येईन ती." हे त्याने इतकं ठासून सांगितलं की पुढे त्यालाच माघार घेता येईना. मग गोंदियाची बस आली की तो हातातली टायर उचकटायची पट्टी टाकून उभा राही. माणसं उतरत, कोंबड्या उतरत, तांदळाची पोती उतरत. बस रिकामी झाली तरी तो जरा थांबायचा, कोणी बाकाखाली लपून बसलं असलं तर असावं म्हणून. रात्री घरी दोन ताटं वाढायचा. थोडा वेळ वाट बघायचा आणि दोन्ही ताटांतला करपलेला भात स्वतःच संपवायचा.

एकोणसत्तर सालचा पोळा होऊन गेल्यावर एक दिवस दुकानासमोर एक गोरा येऊन थांबला. फटफटी कसली, ते चाकावरचं बिऱ्हाडच होतं. मागे तंबू, बाजूला पातेली, आणि दोन्हीकडे बैलाच्या गळ्यात लोढणी अडकवावीत तसे दोन नवे टायर. त्यांच्यावर रबराचे मुठीएवढे गठ्ठे होते.

दुभाष्या म्हणून बाबूलाल धावला. तो पूर्वी उकव्याच्या खाणीवर एका साहेबाच्या स्वयंपाकघरात होता. त्यामुळे त्याला इंग्रजी येत होतं ते खाण्याचं आणि शिव्यांचं. तेवढ्यावर त्याने खाणाखुणा करून माहिती काढली. "हा हालंडचा हाये. घरून निघून जमीन-जमीन इथवर आला. नाव यान."

"गाडीचं नाही, याचं नाव इचार."

"याचंच यान हाये."

डोमाजीला पटलं नाही, पण त्याने सोडून दिलं. यानचं म्हणणं असं होतं की इथून पुढे बैहरचा घाट, चिखल आणि जंगल. आतापर्यंतचे टायर डांबरी रस्त्याचे. जंगलाचे टायर त्याने घरापासून या दिवसासाठी जपून आणले होते. ते आता बसवायचे.

"बसवून देतो," डोमाजी म्हणाला. "चहा प्याले बसव त्याले. चहा थंडा व्हायच्या आत काम फत्ते."

चहा थंड झाला. दुसरा आला, तोही थंड झाला. टायर असा जाड की रेड्याची मान परवडली. एका बाजूने पट्टी घालून रिमच्या आत दाबला की दुसऱ्या बाजूने बाहेर यायचा. साबणाचं पाणी झालं, तेल झालं. शेवटी बाबूलाल टायरवर उभा राहिला, यानने बाबूलालला धरलं आणि डोमाजीने पट्टीवर सगळा भार टाकला. टायर बसला. त्यात ट्यूबला जरासा चिमटा बसला, पण तो कोणाला दिसला नाही. मग कळलं की रबराचे गठ्ठे मडगार्डला घासतात. डोमाजीने क्षणाचाही विचार न करता दोन्ही मडगार्ड काढून भिंतीला टेकवले.

काम चालू असताना यानने पाकिटातून एक फोटो काढून दाखवला. बर्फाने भरलेलं अंगण आणि दारात लोकरी टोपी घातलेली बाई. तिच्याकडे बोट दाखवून तो हळू आवाजात काही बोलला आणि "लाँग, लाँग" म्हणाला.

"का म्हणते?" डोमाजीने विचारलं.

"बायको हाये म्हणते. लई उंच हाये म्हणते."

डोमाजीने फोटो निरखून पाहिला. बाई काही उंच दिसत नव्हती. पण यानने तो फोटो पाकिटात ठेवताना ज्या पद्धतीने ठेवला, ते पाहून डोमाजीच्या हातातली पट्टी थोडा वेळ तशीच राहिली.

काम झालं. हात काळे झाले म्हणून यान मागच्या विहिरीवर आंघोळीला गेला. गिऱ्हाइकाची गाडी स्वतः चालवून पाहिल्याशिवाय द्यायची नाही, हा डोमाजीचा नियम. त्याने यानचा फटफटीवरचा टोप डोक्यावर चढवला, त्याचाच मोठा चष्मा लावला आणि बाबूलालला म्हणाला, "पुलापर्यंत जाऊन येतो."

आता इथे एक अडचण होती. डोमाजीने ठेकेदाराची फटफटी बऱ्याचदा चालवली होती. तिचा ब्रेक डाव्या पायाखाली आणि गियर उजव्या. या परदेशी गाडीचं सगळं उलटं. ब्रेक म्हणून दाबावं तर गियर पडायचा, गियर म्हणून दाबावं तर गाडी ठेच लागल्यासारखी पुढे वाकायची. अशा उड्या मारत तो पुलावर पोचला तेव्हा त्याला वळायचं होतं. पण वळायला थांबावं लागतं, आणि थांबणं सापडत नव्हतं.

पुढे जन्मभर त्याने लोकांना हेच सांगितलं. खरी गोष्ट अशी की पूल संपताना त्याला ब्रेक नीट सापडला होता. गाडी थांबलीही होती. खाली वैनगंगा तुडुंब वाहत होती, समोर धानाच्या शेतांमधून गोंदियाचा रस्ता सरळ गेला होता. त्या रस्त्याने रोज बस यायची आणि त्या बसमधून रोज कोणीच यायचं नाही. डोमाजीने मागे वळून बालाघाटकडे पाहिलं. दुकान उघडं होतं. मग त्याने गियर टाकला, यावेळी बरोबर पायाने.

मडगार्ड नाहीत, रस्त्यावर पावसाचा चिखल, आणि टायर असे की हल्या चिखलात लोळावा तसे चिखलात रमलेले. पुढचं चाक चिखल उचलून छातीवर मारायचं, मागचं चाक तो पाठीवर थापायचं. अर्ध्या वाटेत डोमाजीचा शर्ट दिसेनासा झाला, नंतर डोमाजीच दिसेनासा झाला. राजेगावात शिरला तेव्हा चष्म्याच्या दोन काचा तेवढ्या स्वच्छ होत्या, कारण त्या तो बोटाने पुसत होता.

बसवाल्यांनी बातमी आधीच पोचवली होती, की बालाघाटात फटफटीवाला गोरा आला आहे. त्यामुळे सासरे हिरालाल यांच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा निम्मं गाव मागे होतं आणि कोणाच्याच मनात शंका नव्हती. गाडी थांबताच मागच्या चाकाने लांब सुस्कारा सोडला आणि ते जमिनीला टेकलं.

"आइए साहब, बैठिए," म्हणत हिरालालने खाट टाकली. सासू मैनाबाईने गूळ-पाणी आणलं.  पुलापासून डोमाजीने बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही सासऱ्यासमोर बोलायचं नव्हतं. तो साहेब म्हणूनच खाटेवर बसला.

हिरालालने त्याला न्याहाळलं आणि बायकोला म्हणाला, "पाह्य, हा मानूस सात समुद्र पार करून आपल्या दारात आला. आन आपला जावई वैनगंगा पार करून नाही आला."

"त्याईचं दुकान हाये," मैनाबाई म्हणाली.

"दुकान हाये का तुरुंग? काहून सुटत नाही त्याईच्यानं?"

पोरं हसली. साहेबाने गुळाचा खडा तोंडात टाकला आणि मान खाली घातली.

तेवढ्यात आनंदी पाण्याची बादली घेऊन दारात आली. खाटेवरच्या मातीच्या पुतळ्याकडे तिने पाहिलं, मग त्याच्या पायांकडे. पायांत ट्रकच्या टायरच्या चपला होत्या, अंगठा सायकलच्या ट्यूबचा. तशा चपला हालंडात करत नसावेत. तिने बादली खाली ठेवली.

"साहेब," ती म्हणाली, "तुमच्या देशात दुकानं बंद होतात का?"

"पोरी, त्याले मराठी समजत नाही," हिरालाल म्हणाला.

"न समजो. ज्याले समजते त्यानं तरी कुठं आइकलं." ती पदराशी चाळा करत बोलत राहिली. "बालाघाटची बस आली का मी आंगण झाडाले घेते साहेब. दर बसले झाडून झाडून आंगणात खड्डा पडला. माय म्हणते, आता घरात ये, बस गेली. मी म्हणते, कचरा राह्यला. मले नागपूर नको झालं, काही नको झालं. एक डाव येऊन 'चाल' म्हणाले असते तर मी अनवाणी निघाली असती. पण मी निरोप धाडून बसली होती. आता मले तरी कसं मागं घेता येईन?"

चष्म्याच्या आत पाणी साचायला लागलं. बाहेरून पुसून ते जाईना.

"चाल," साहेब म्हणाला.

 मैनाबाईच्या हातातला लोटा पडला. "अगा माय," ती म्हणाली, "गोऱ्याले मराठी येते."

"गोरा कोण?" आनंदी म्हणाली आणि बादलीतलं पाणी त्याच पडलेल्या लोट्याने त्याच्या डोक्यावर ओतायला लागली. "तोंड धुवा. चिखल वाळून राह्यला."

पुढच्या बसने यान आणि बाबूलाल आले. बाबूलालने वाटेत यानला सगळं समजावलं होतं, म्हणजे खाण्याच्या आणि शिव्यांच्या इंग्रजीत जेवढं समजावता येतं तेवढं. यान लाल होऊन अंगणात शिरला. त्याने आधी गाडी पाहिली, मग बसलेलं चाक, मग डोमाजीच्या मानेवरचा चिखल बोटांनी खरवडणारी आनंदी.  यानच्या तोंडातली शिवी कुठेतरी आतच विरघळली असावी. हळूच म्हणाला, "लाँग, लाँग."

"पुन्हा बायकोच्या उंचीचं काढलं यानं," बाबूलाल म्हणाला.

"उंच नाही रे," डोमाजी म्हणाला. "लांब. लांब हाये म्हणते."

मैनाबाईने यानच्या हातात गूळ दिला आणि काही न विचारता त्याच्या पाठीवरून हात फिरवला. एवढा उंच माणूस, त्यासाठी खाली वाकला.

मग त्याने स्वतःच्या पेटीतून सामान काढून चाक खोललं. पंक्चरच्या दुकानाच्या मालकाने पंक्चरचं सामानच आणलं नव्हतं. ट्यूब जोडताना यान टायरकडे बघून थांबला. बोट गोल फिरवून बाबूलालला काही सांगायला लागला.

बाबूलाल खाकरला. "डोमाजी, साहेब म्हणते दोन्ही टायर उलटे बसवले. याईच्या नक्षीचं तोंड पुढं पाह्यजे होतं, ते मागं झालं."

एवढ्या लोकांत, सासऱ्यासमोर. डोमाजीला वाटलं, तोंडावरचा चिखल अजून असता तर बरं झालं असतं.

"उलटे हायेत म्हणूनच इकडं आले," आनंदी म्हणाली. "सुलटे असते तर बैहरले गेले असते."

हिरालाल इतका हसला की त्याला खाटेवर बसावं लागलं. यानला अर्थ कळला नाही, पण तोही हसला. मग त्याने आणि डोमाजीने मिळून दोन्ही टायर फिरवले. या खेपेला डोमाजी आधी विचारत होता आणि मग पट्टी घालत होता.

यान निघाला. मडगार्ड बालाघाटात होते, तरी बाबूलाल हौसेने त्याच्या मागे बसला. वळणाआधीच त्याचा पांढरा सदरा तपकिरी झालेला सगळ्यांनी पाहिला. आनंदी बराच वेळ त्या दिशेला बघत राहिली. "घरी कधी जाईन तो?" तिने विचारलं.

"अजून तर दूर चालला हाये," डोमाजी म्हणाला.

संध्याकाळच्या बसने दोघं निघाली. आता आनंदी शेजारी बसेल, पूल येईपर्यंत सगळं सांगून टाकू, असं डोमाजीने ठरवलं होतं. पण दारातच कंडक्टरने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बाई आत बसतील. तू वर जाय. माझ्या बसमधे चिखल नाही चालत."

अशा रीतीने डोमाजी बायकोला घरी घेऊन निघाला. ती आत खिडकीशी, तो टपावर, पोती आणि एका बोकडाच्या मध्ये. गाव मागे पडल्यावर तो पोटावर पालथा झाला आणि कडेवरून खाली वाकला. खिडकीतून बांगड्या भरलेला हात बाहेर आला होता, वर वळलेला. डोमाजीने आपला हात लांब केला. बोटं टेकतात न टेकतात तोच आतून कंडक्टर ओरडला,

"कोणाचा हात हाये तो बाहेर? आत घ्या, तुटून जाईन!"

हात आत गेला. बोकडाने डोमाजीची बाही चावायला घेतली.