गेनूतात्यांची शिक्षा वाढते

दिवस कलला की आमच्या शेजारचे गेनूतात्या पाहुण्यांशी बोलू लागत. "या पावणं, बसा! पाटील, तुमी पण टेका!" घरात असत एकटे तात्या. बायको कधीच वारलेली, मुलगी सासरी. दारात मात्र चपलांचे पाच-सहा जोड मांडलेले. बेल्ह्याच्या बाजारातून जुने म्हणून आणलेले; त्यातल्या एका जोडातल्या दोन्ही डाव्याच.

सारं निमगाव हसायचं. मीही हसायचो. पण तो सगळा थाट संपतसाठी होता.

संपतचा मळा तात्यांच्या घराला लागून. तात्यांची मेंढरं त्याच्या कांद्यात शिरली आणि त्याने काठीने तात्यांचा हात मोडला. जुन्नरच्या कोर्टात गुन्हा शाबीत झाला. शिक्षा काय, तर कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहायचं, वर थोडा दंड. संध्याकाळी दोघंही एकाच एसटीने गावात परतले.

"सबंध वाटंला मानंवर त्याची नजर व्हती, राव," तात्या सांगत.

तेव्हापासून ते खोकायचेही दोन आवाजांत, एकदा जाड, एकदा बारीक. एकदा माझ्या हातून अंगणात बादली पडली, तर तात्या कणगीमागून ओरडले, "कोण हाय? आमी लई जण हाये हितं!"

मग एके दिवशी हवालदार सांगून गेला : शिक्षा फारच कमी झाली म्हणून सरकारने सेशन कोर्टात अपील केलंय. मला वाटलं, तात्या पेढे वाटतील. ते मटकन खाली बसले.

"मी कुठं मागितलं व्हतं? सरकार ऱ्हातंय मुंबईला. संपत्या ऱ्हातुय बांधाला!"

त्याच संध्याकाळी संपत आला. तात्यांनी दार लावून घेतलं. मी आतच होतो.

"तात्या, अपील मागं घ्या."

"माझं न्हाई रं बाबा, सरकारचं हाय!"

"मग सरकारला सांगा."

त्याने कडी हलवली. एकदा, मग पुन्हा. तात्यांची बोटं माझ्या दंडात रुतली होती. बऱ्याच वेळाने पावलं दूर गेली.

सुनावणीला तात्यांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी ते गेले. "न्हाई गेलो तर म्हणंल, भ्यालं म्हातारं." सरकारी वकीलबाई त्यांच्या मोडक्या हाताबद्दल बोलत होत्या आणि तात्या तो हात धोतरात लपवत होते.

पुढे निकाल लागला, एक वर्षाची कैद. संपतला नेलं. त्याची बायको पोरं घेऊन माहेरी गेली.

दुसऱ्या दिवशी सांजेला तात्यांचं दार बंद दिसलं. शोधत गेलो, तर ते संपतच्याच ओट्याखाली, मातीत बसलेले. ओट्यावर घोंगडी अंथरून संपतची आई, ठकूबाई. उसात बिबट्या फिरत होता आणि मळ्यात आता ती एकटीच उरली होती.

"लेकाला आत घातलंस, आन् आता माझ्या दारात बसतुस?" ती कडाडली. "ऊठ! मला न्हाई भ्या वाटत कशाचं."

"तुमाला न्हाई वाटत, वयनी. मला वाटतंय. बसू द्या वाईच."

ठकूबाईने तोंड फिरवलं. मग ती थोडी सरकली आणि घोंगडीवर तात्यांपुरती जागा झाली.